डॉक्टर लुडविक हिर्शफेल्ड यांचे अल्पचरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघालेल्या या स्मरणिकेत देवळाच्या बांधकामाचा, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि निरनिराळ्या संघांच्या कार्याचा वृत्तांत वाचकांस अन्य पानांवर मिळेलच. आम्ही मात्र येथे एका दूरदेशीच्या वैद्याचे चरित्र सादर करीत आहोत. हे गृहस्थ धर्मगुरू नव्हते, आणि ख्रिस्तसभेने त्यांस संतपदही दिलेले नाही. तथापि एका घोर संकटाच्या काळी त्यांनी एका धर्मग्रामात, देवळाला लागून असलेल्या धर्मगुरूंच्या निवासस्थानात आश्रय घेतला, आणि तेथे राहून लाखो लोकांवर कोसळलेल्या साथीशी झुंज दिली. धर्मग्राम म्हणजे काय, याचा विचार महोत्सवाच्या वर्षी करावयाचा, तर हे चरित्र उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

साथ म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. मुंबई आणि वसई या भागांतील गावठाणांत उभे असलेले जुने क्रूस आपण जातायेता पाहतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, त्या संकटात त्यांपैकी कित्येक क्रूस आपल्या पूर्वजांनी उभारले. त्या वेळी सरकारी माणसे घरांत शिरून झडती घेत, आजाऱ्यास बळजबरीने उचलून नेत, सामानसुमान जाळीत. म्हणून लोक आपली आजारी माणसे लपवून ठेवीत, आणि लपविलेला रोग दुप्पट वेगाने पसरे. हा अनुभव वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील हकीकतीचे मर्म त्यातच आहे.

लुडविक हिर्शफेल्ड यांचा जन्म १८८४ साली पोलंड देशात एका यहुदी कुटुंबात झाला. त्या काळी पोलंड स्वतंत्र नव्हता. त्याचे तुकडे तीन साम्राज्यांनी वाटून घेतले होते. तरुण लुडविक वैद्यकी शिकण्यास जर्मनीत गेले आणि १९०७ साली बर्लिन येथे त्यांनी पदवी संपादन केली. पुढे हायडेलबर्ग येथे एमिल फॉन डुंगेर्न या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी रक्ताचा अभ्यास केला. मनुष्याच्या रक्ताचे गट आईबापांकडून मुलांस ठरावीक नियमाने मिळतात, हे त्या दोघांनी १९१० साली सिद्ध केले. आज इस्पितळात आपल्या रक्ताचा गट ए, बी, एबी किंवा ओ असा लिहून देतात, ती अक्षरेही त्या दोघांच्या कार्यातूनच रूढ झाली.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा डॉक्टर हिर्शफेल्ड स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे विद्यापीठात काम करीत होते. तो देश तटस्थ. तेथे त्यांस कसलेच भय नव्हते. इतक्यात सर्बियातून भयंकर वार्ता येऊ लागली. तेथे १९१४-१५ च्या हिवाळ्यात टायफस नावाच्या तापाची साथ पसरली होती. नावाचे साम्य असले तरी हा ताप आपल्याकडील टायफॉइड, म्हणजे विषमज्वर, नव्हे. टायफसचे जंतू अंगावरील उवांमार्फत पसरतात. ऊ तापकऱ्याचे रक्त पिते; मग तिच्या विष्ठेतून ते जंतू बाहेर पडतात, आणि माणूस खाजवू लागला की कातडीच्या ओरखड्यांतून शरीरात शिरतात. शिवाय तापाने फणफणलेले किंवा मृत्यूने थंड पडलेले शरीर उवेस रुचत नाही. ती ते सोडून शेजारच्या निरोगी माणसाच्या अंगावर जाते. म्हणून जेथे माणसे दाटीवाटीने राहतात, जेथे अंघोळीस पाणी नाही, कपडे बदलावयास नाहीत आणि थंडीपासून बचावाचे साधन नाही, तेथे हा रोग वणव्यासारखा फैलावतो. त्या काळी त्यावर रामबाण औषध नव्हते.

सर्बियात या साथीने दीड लाखाहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते. देशातील सुमारे ४०० डॉक्टरांपैकी शंभराहून अधिक डॉक्टर मरण पावले. हे ठाऊक असूनही डॉक्टर हिर्शफेल्ड आपण होऊन १९१५ साली तेथे गेले. त्यांच्या पत्नी हान्ना याही बालरोगतज्ज्ञ वैद्य होत्या. त्याही त्यांच्यामागून सर्बियाच्या सेवेस गेल्या. रोगाशी लढणे म्हणजे केवळ रोग्याच्या नाडीवर हात ठेवणे नव्हे, तर घर, कपडा, पाणी, अन्न आणि माणसामाणसांतील विश्वास या सर्वांची व्यवस्था लावणे होय, हा धडा ते तेथे शिकले. पंचवीस वर्षांनी तोच धडा त्यांच्या उपयोगी पडावयाचा होता.

सर्बियाच्या सैन्यास माघार घ्यावी लागल्यावर हे दांपत्य पुढे सालोनिका येथील आघाडीवर काम करू लागले. तेथे अनेक देशांच्या फौजा एकवटल्या होत्या, आणि त्यांत आपल्या हिंदुस्थानचे शिपाईही होते. हिर्शफेल्ड पतिपत्नींनी निरनिराळ्या राष्ट्रांच्या हजारो सैनिकांचे रक्त तपासले. प्रत्येक राष्ट्रात चारही गट आहेत, फक्त त्यांचे प्रमाण भिन्न आहे, असे त्यांस आढळले. हिंदी शिपायांत बी गटाचे प्रमाण पुष्कळच अधिक निघाले. हे संशोधन १९१९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. विषमज्वरासारख्या एका तापाचा जंतूही त्यांनी याच काळात शोधून काढला. शास्त्रात त्या जंतूस त्यांचे नाव दिले गेले.

युद्ध संपले आणि पोलंड स्वतंत्र झाला. डॉक्टर हिर्शफेल्ड मायदेशी परतले, आणि वॉर्सा येथील सरकारी आरोग्यसंस्थेच्या उभारणीत त्यांनी आपले सर्वस्व ओतले. त्यांनी कॅथॉलिक श्रद्धेचा अंगीकार करून बाप्तिस्मा घेतला. त्यांस एकच अपत्य होते, मारिया नावाची कन्या. विद्वत्ता, मानमरातब, सुखी संसार, सर्व काही होते.

१९३९ सालच्या सप्टेंबर महिन्यात जर्मन फौजा पोलंडवर तुटून पडल्या. वॉर्सास वेढा पडला असता डॉक्टरांनी जखमींसाठी रक्तदानाची व्यवस्था उभारली. परंतु नगर पडल्यावर, जी संस्था त्यांनी वाढविली तिच्यातूनच त्यांस काढून टाकण्यात आले. नाझी सत्तेच्या लेखी माणसाची श्रद्धा, विद्या आणि सेवा यांस काडीचीही किंमत नव्हती. आजाआजी यहुदी होते की नव्हते, एवढेच ती पाहत असे. १९४१ च्या फेब्रुवारीत डॉक्टर, त्यांच्या पत्नी आणि कन्या या तिघांनाही घर सोडून घेटोत जावे लागले.

घेटो म्हणजे नगराच्या आत भिंती घालून केलेला यहुद्यांचा कोंडवाडा. १६ नोव्हेंबर १९४० रोजी वॉर्साचा घेटो बंद करण्यात आला. अवघ्या ३.४ चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. एकेका खोलीत सातआठ माणसे राहत. अन्नाचा सरकारी वाटा इतका अल्प होता की केवळ त्यावर कोणीही जगणे अशक्य. आणि या सर्व क्रौर्याला सबब कोणती, तर रोगाची! यहुदी लोक टायफस पसरवितात, सबब त्यांस वेगळे ठेवले पाहिजे, असे जर्मन अधिकारी उघड सांगत, आणि घेटोस साथीचा बंदिस्त प्रदेश असे नाव देत. वास्तविक पाहता त्यांनीच माणसांस उपाशी, उघडी आणि दाटीवाटीने कोंडून साथीला जन्म दिला, आणि मग त्याच साथीकडे बोट दाखवून भिंती अधिक उंच केल्या.

त्या भिंतींच्या आत ग्रझिबोव्स्की चौकात सर्व संतांचे भव्य देऊळ होते. घेटोत कोंडलेल्या लोकांत बाप्तिस्मा घेतलेले पुष्कळ कॅथॉलिकही होते, आणि हे त्यांचे धर्मग्राम बनले. तेथील प्रमुख धर्मगुरू मोन्सिन्योर मार्सेली गोद्लेव्स्की हे तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. सत्य सांगावयाचे तर पूर्वायुष्यात ते यहुद्यांचे मित्र नव्हते. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत त्यांची गणना होत असे. परंतु ते अनन्वित हाल डोळ्यांसमोर पाहून या वृद्ध धर्मगुरूंचे अंतःकरण पालटले. त्यांनी आणि त्यांचे साहाय्यक फादर अँतोनी चार्नेत्स्की यांनी धर्मगुरुनिवासाची दारे उघडली. देवळाच्या स्वयंपाकघरातून ख्रिस्ती आणि यहुदी असा भेद न करता भुकेल्यांस अन्न मिळू लागले. कित्येकांस बाप्तिस्म्याचे दाखले देऊन त्यांचे प्राण वाचविण्यात आले. अनीन गावी मोन्सिन्योरांचे जे घर होते, तेथे फ्रान्सिस्कन धर्मभगिनींनी बालकाश्रम चालविला, आणि घेटोतून गुप्तपणे बाहेर काढलेल्या बालकांस तेथे आसरा मिळाला. मोन्सिन्योर १९४५ साली वारले. पुढे २००९ साली यहुदी राष्ट्राने, आपल्या लोकांचे प्राण वाचविणाऱ्या परधर्मीयांच्या मानाच्या यादीत त्यांचे नाव घातले. जो मनुष्य पश्चात्ताप करून वाट बदलतो, त्याच्या हातून देव केवढे कार्य करून घेतो पाहा!

याच धर्मगुरुनिवासात हिर्शफेल्ड कुटुंबास जागा मिळाली. निवासाला लागून एक बाग होती. बाहेर रस्त्यावर भुकेने मेलेल्यांची प्रेते कागदाने झाकून ठेवलेली असत, आणि आत ती हिरवी झाडे! त्या बागेची आठवण डॉक्टरांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोठ्या कृतज्ञतेने नमूद केली आहे. डॉक्टरांची स्थिती मोठी विचित्र होती. जर्मनांच्या लेखी ते यहुदी होते. घेटोतील अनेक यहुद्यांच्या लेखी ते आपला धर्म सोडून गेलेले परके होते. कोणी त्यांच्याकडे संशयाने पाहिले तरी त्यांनी मनात अढी धरली नाही. ज्या लोकांत आपण येऊन पडलो त्यांचे दुःख तेच आपले दुःख, असे मानून ते कामाला लागले.

आता साथीची हकीकत सांगतो. जर्मनांच्या हुकुमावरून घेटोत टायफसविरुद्ध जे उपाय योजले गेले ते असे: एखाद्या घरात रोगी असल्याचे कळले की सबंध इमारतीस वेढा पडे. मग सर्व रहिवाशांस, आजाऱ्यांसह आणि लेकरांसह, कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर काढून सार्वजनिक स्नानगृहाकडे हाकीत नेत, आणि त्यांचे कपडे व अंथरुणे वाफेच्या यंत्रात घालीत. वस्तू वाफेने खराब होत, नाही तर चोरीस जात. निरोगी माणसे रोग्यांच्या रांगेत तासन्‌तास उभी राहून उवा घेऊनच घरी परतत. इस्पितळात एकेका खाटेवर दोन-तीन रोगी असत. ज्यांच्याजवळ पैसा असे ते लाच देऊन सुटत. गरिबांचे मात्र हाल होत.

परिणाम काय झाला असेल हे वाचकांनी ताडलेच असेल. लोक रोगी लपवू लागले. १९४१ सालात टायफसच्या थोड्याच रोग्यांची अधिकृत नोंद झाली. प्रत्यक्षात त्या साथीने घेटोत लाखाच्या आसपास माणसे ग्रासली, असा अलीकडील अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या रोगाची खरी मोजदाद होत नाही त्या रोगाला आवर कसा घालणार? डॉक्टर हिर्शफेल्ड हे साथीच्या शास्त्रात मुरलेले होते. आकड्यांचे कागद पाहून त्यांनी ओळखले की हे आकडे रोगाचे माप नसून भयाचे माप आहेत. रोग्यास दंड होत असेल तर खरी माहिती कधीच बाहेर येणार नाही. ज्या दिवशी माणसास वाटेल की वैद्यास बोलावले असता आपले घर लुटले जाणार नाही, त्याच दिवशी साथीचा माग लागेल, असा त्यांचा सिद्धांत होता.

घेटोत आरोग्यमंडळ स्थापन झाले तेव्हा त्याची धुरा डॉक्टरांकडे आली. सबंध इमारतीस वेढा घालण्याची रीत सोडून द्यावी, रोग्यास शक्यतो घरच्या घरीच वेगळे ठेवावे, प्रत्येक इमारतीच्या रहिवाशांच्या समितीने स्वच्छतेची जबाबदारी घ्यावी, आणि भुकेल्यांस अन्न मिळेल अशी तजवीज करावी, असे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. ऊ कशी ओळखावी, कपडे कसे उकळावेत, तापकऱ्याच्या जवळ कसे वावरावे, यासंबंधी शेकडो व्याख्याने झाली. काही व्याख्यानांस नऊशेहून अधिक माणसे जमत. लवूव नगरात रुडोल्फ वायग्ल या शास्त्रज्ञाने टायफसची लस तयार केली होती. तिच्या कुप्या चोरवाटेने घेटोत येत. परंतु त्या अत्यल्प असत आणि त्यांची किंमत गरिबांच्या आवाक्याबाहेर असे. म्हणून साबण, पाणी, अन्न आणि ज्ञान हीच खरी शस्त्रे होती.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. साथनिवारणाच्या शिक्षणवर्गास जर्मनांनी परवानगी दिली होती. प्राध्यापक युलियुश त्स्वायबाउम यांच्या पुढाकाराने १९४१ च्या मे महिन्यात हे वर्ग सुरू झाले. नाव साथनिवारणाचे, परंतु आत शिकविले जाई ते वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या वर्षांचे संपूर्ण ज्ञान. शेकडो तरुण-तरुणी उपाशीपोटी तेथे येऊन बसत. डॉक्टर हिर्शफेल्ड त्यांस जंतुशास्त्र शिकवीत, आणि रक्तगटांवर व्याख्याने देत. ज्यांस उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती त्यांस पुढील पंचवीस वर्षांची विद्या देणे, यास आशेचा सद्गुण म्हणावयाचे नाही तर कशास म्हणावयाचे?

मग एक आश्चर्य घडले. १९४१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, म्हणजे थंडी सुरू होऊन टायफस भडकावयाचा तेव्हा, साथ उतरू लागली. त्या काळी कोणाचाच यावर विश्वास बसेना, आणि कारणही कोणास निश्चित सांगता येईना. पुढे २०२० साली काही संशोधकांनी त्या वेळचे आकडे गणिताच्या कसोटीला लावून एक निबंध प्रसिद्ध केला. रोग आपोआप शमला नसून लोकांनी स्वतः पाळलेली स्वच्छता, रोग्यांचे अलगीकरण, लोकशिक्षण आणि अन्नपुरवठ्यात झालेली थोडीशी सुधारणा यांमुळेच तो आवरला गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे प्रयत्न झाले नसते तर आणखी हजारो माणसे त्या तापाने मेली असती.

तरी पण वाचकांची दिशाभूल होऊ नये. हा विजय अपुराच होता. १९४० पासून १९४२ च्या मध्यापर्यंत घेटोत भूक आणि रोग यांनी सुमारे ८३,००० माणसे मेली. आणि जे उरले त्यांचे काय झाले? २२ जुलै १९४२ रोजी त्यांस आगगाडीच्या डब्यांत कोंबून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यास आरंभ झाला. सप्टेंबरपर्यंत सुमारे २,६५,००० माणसे तेथे नेली गेली आणि विषारी वायूने मारली गेली. तापातून उठलेले रोगी, त्यांची शुश्रूषा करणारे वैद्य, बाकांवर बसून शरीरशास्त्र शिकणारे ते तरुण, बहुतेक सर्व त्यांत गेले.

हिर्शफेल्ड कुटुंब भिंतीबाहेर निसटले आणि खोट्या नावाने खेड्यापाड्यांतून लपून राहिले. या अज्ञातवासात १९४३ साली त्यांची एकुलती एक कन्या मारिया वारली. त्याच दिवसांत डॉक्टरांनी आपले आत्मचरित्र लिहून काढले. ते १९४६ साली प्रसिद्ध झाले.

युद्ध संपल्यावर साठीच्या घरातील हा शोकाकुल पिता स्वस्थ बसला असता तर कोणी त्यास दोष दिला नसता. परंतु लुब्लिन येथे १९४४ साली नवे विद्यापीठ उभारण्यास त्यांनी हातभार लावला, आणि पुढे व्रोत्स्वाफ या उद्ध्वस्त नगरात वैद्यकीय शाखेचे ते पहिले अधिष्ठाता झाले. तेथे त्यांनी माता आणि गर्भ यांच्या रक्तांतील विरोधामुळे मरणाऱ्या अर्भकांस वाचविण्याचे कार्य हाती घेतले. आपली कन्या गमावलेल्या या दांपत्याने इतरांची लेकरे वाचविण्यात शेष आयुष्य वेचले, कारण डॉक्टरीणबाई हान्ना याही तेथेच बालरुग्णांची सेवा करीत होत्या. १९५२ साली डॉक्टरांनी व्रोत्स्वाफ येथे एक संशोधनसंस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ७ मार्च १९५४ रोजी त्यांनी देह ठेवला.

असो. या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आम्हांस वाटते की घेटोत दोन प्रकारचे अलगीकरण समोरासमोर उभे होते. एक भिंतीचे, ज्यात रोग्याची घृणा होती आणि रोग ही केवळ सबब होती. दुसरे प्रेमाचे, ज्यात रोग्यास वेगळे ठेवीत ते त्याला टाकून देण्यासाठी नव्हे, तर त्याचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा, दोघांचाही जीव वाचावा म्हणून. बाहेरून पाहता दोन्ही सारखीच दिसतात. फरक एवढाच की पहिल्यात माणूस आपला ताप लपवितो, आणि दुसऱ्यात तो आपण होऊन सांगतो. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत आपणही या दोन्ही गोष्टी पाहिल्या. आपल्यापैकी किती जणांनी शेजारणीच्या दाराशी जेवणाचा डबा ठेवला, आणि किती जणांनी तिच्या खिडकीकडे पाहून तोंड फिरविले, हे ज्याचे त्याने आपल्या अंतःकरणास विचारावे. प्रभू येशूने कुष्ठरोग्यास केवळ शब्दाने बरे न करता हाताने स्पर्श केला. त्याचा अर्थ आपणांस त्या दिवसांत नव्याने कळला असावा.

धर्मगुरूंस आणि धर्मग्रामस्थांस मिळून आणखी एक प्रश्न पडतो. वॉर्साच्या त्या धर्मगुरूंनी ज्यांच्याविषयी आयुष्यभर मनात कटुता बाळगली, त्याच लोकांसाठी अखेरीस दार उघडले, आणि त्या उघड्या दारातून एक असा मनुष्य आत आला, ज्याची विद्या सबंध वस्तीच्या कामी आली. आपल्या धर्मगुरुनिवासाचे, आपल्या घराचे आणि आपल्या मनाचे दार कोणासाठी बंद आहे? महोत्सवाच्या वर्षी देवळास रंग देणे, घंटा नवी करणे, मिरवणूक काढणे हे सर्व योग्यच होय. परंतु देवाच्या वहीत धर्मग्रामाची नोंद होते ती अशा उघडलेल्या दारांवरून.

आपल्या गावठाणातील जुन्या क्रुसापाशी पुढल्या वेळी आपण मेणबत्ती लावू, तेव्हा प्लेगात गेलेल्या आपल्या पूर्वजांबरोबर वॉर्साच्या त्या मृतांचीही आठवण करू या. आणि डॉक्टर लुडविक हिर्शफेल्ड, त्यांच्या पत्नी हान्ना आणि कन्या मारिया यांच्या आत्म्यांस प्रभू चिरविश्रांती देवो, अशी प्रार्थना करू या. आमेन.